झोपलेल्याच्या पाया पडू नये

माणूस महिनोन्‌महिने उताणा पडला की त्याला आपल्या घराची खरी ओळख होते. बुधवारा पेठेतल्या या घरात मी जन्मलो, वाढलो, लग्न करून इथंच राहिलो, आणि बैठकीच्या छताला किती ठिकाणी पोपडे धरलेत हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. पंख्याचं एक पातं बाकीच्या दोन्हींपेक्षा जरा झुकलेलं आहे. कोपऱ्यातल्या कोळ्याला उन्हाळ्यात जास्त भूक लागते. माझा पलंग मुद्दाम खिडकीशी लावला होता, मला रस्ता दिसावा म्हणून. दिसायचा तो विजेच्या तारांचा गुंता आणि समोरच्या कापडदुकानाच्या पाटीचा वरचा अर्धा भाग. रस्ता फक्त ऐकू यायचा. मागच्या गल्लीतल्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट, भाजीवाला, शाळेची रिक्षा, आणि खिडकीपाशी थांबून माझी चौकशी करणारे लोक. "कसे आहेत सर?" "आहेत तसेच." हे माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर चालायचं, जसा काही मी दुसऱ्या गावाला गेलोय.

मी शनवाऱ्याजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. आजार अगदी साधा सुरू झाला. पावसाळ्यात पोट बिघडलं, बरं झालं, आणि आठवड्याभरानं तळपायांना मुंग्या आल्या. मी म्हटलं, नवी चप्पल चावत असेल. मग जिना चढवेना, मग खडू धरवेना, आणि इंदूरला पोचेपर्यंत श्वाससुद्धा माझा राहिला नव्हता. नसांचा आजार, डॉक्टर म्हणाले, शरीर आपल्याच नसांवर उलटतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. औषधांनी आजार थांबला, पण नसा भरून यायला कुणाला महिने लागतात, कुणाला वर्ष, कुणाला त्याहून जास्त, असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. डोकं शाबूत, जीभ शाबूत, मानेखाली पोतं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती घरात कुणाच्या लक्षात राहिली नाही. हलता येत नसलं तरी स्पर्श कळतो.

हात मला दिवसभर लागत होते, तशी तक्रार नाही. कूस बदलायला, पुसायला, भरवायला, सगळ्यालाच हात लागतो. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे हे सगळं पत्नीवर आलं. तीही शिक्षिका. तिनं रजा काढली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्यामागे लागली. मला खालीवर करताना तिचे हात इतक्या झपाट्यानं चालायचे की ती आवरतेय ते अंथरूण आहे की मी आहे, हे तिलाही सांगता आलं नसतं. यात तिचा काडीचा दोष नाही. दुसऱ्या कशाला तिच्याकडे वेळ नव्हता, आणि थोडा असता तर ती तेवढाच झोपली असती.

आणि आप्पा. माझे वडील. पटवारी म्हणून निवृत्त झाले, तापीकाठच्या केळीच्या बागा आणि कपाशीची शेतं मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दुसऱ्याचा बांध ओलांडायचा नाही ही त्यांची नोकरीही होती आणि स्वभावही. आमच्या घरात बापलेक एकमेकांना हात लावत नाहीत. भांडण म्हणून नाही, रीत नाही एवढंच. लहानपणी मला ताप आला की आई कपाळाला हात लावून बघायची, आप्पांना सांगायची, आणि आप्पा औषध आणायला जायचे. आई गेल्यावर तो मधला निरोप्याही गेला. राहिली एकच वाट, वाकण्याची. परीक्षेला जाताना, निकाल लागल्यावर, दिवाळीला, गावाहून आल्यावर मी वाकून पाया पडायचो आणि त्यांचा हात पाठीवर यायचा. क्षणभरच यायचा, पण हमखास यायचा. तो हात मिळवायचा तर वाकावं लागतं, आणि मला वाकता येत नव्हतं.

हे असं नीट शब्दांत माझ्या डोक्यात आलंही नसतं, जर मध्ये दसरा आला नसता.

मी इंदूरहून परत आलो त्याला थोडेच दिवस झाले होते. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन माणसं येऊ लागली. आप्पा तेव्हा माझ्या खोलीत, पलंगाजवळच्या खुर्चीवर बसायचे. आत्या, म्हणजे आप्पांची बहीण, स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. माझा पुतण्या आला. चुलतभावाचा मुलगा, चांगला बायकोमुलांचा माणूस, लूमच्या कारखान्यात कामाला. दरवर्षी येतो. सवयीनं पलंगाच्या पायथ्याशी जाऊन तो वाकणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांब रे. झोपलेल्याच्या पाया पडू नये."

तो तसाच अर्धा वाकून थांबला. का पडू नये, हे तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. आडव्या माणसाच्या पायांवर लोक डोकं ठेवतात ते एकदाच, आणि तेव्हा तो माणूस घरून निघायच्या तयारीत असतो. पुतण्यानं पानं माझ्या उशाशी ठेवली आणि ओशाळून हसला. त्यानंतर जो आला तो पायांकडून वळून उशाकडे गेला. मला एरवी पाया पडून घ्यायची फारशी हौस नाही. मास्तरकीत ते इतकं मिळतं की पुढेपुढे पायांनाही कंटाळा येतो. पण त्या संध्याकाळी माझ्या दोन पायांभोवती एक रिकामी जागा तयार झाली आणि मी छताकडे बघत तिच्यात पडून राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा खुर्चीवर बसेनासे झाले. ते मधल्या दारात उभे राहू लागले, उंबऱ्याच्या पलीकडे.

"काय म्हणतो?"

"ठीक."

"जेवला?"

"हाव."

"मग पड आता."

जसा काही मी दुसरं काही करणार होतो. मला राग यायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा माझा राग काही त्या आजारात गेला नव्हता. पण रागाच्या खाली काय होतं ते सरळ सांगून टाकतो. मला आप्पांचा हात हवा होता. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मी असा. दोघांपैकी कुणाकडे किती वेळ आहे ते कुणी सांगावं? आणि ते मागायची भाषा आमच्या घरात नव्हती. एकदा मी धीर करून म्हणालो, "आप्पा, बसा ना जरा." ते म्हणाले, "बसतो ना," आणि मधल्या खोलीतली खुर्ची ओढून उंबऱ्याच्या पलीकडेच बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दिवाळीनंतर पत्नीची रजा संपली आणि माझ्यासाठी दिवसाची नर्स ठेवली, सिस्टर. ती पुलापलीकडे जैनाबादला राहायची आणि रोज सकाळी रिक्षानं तापी ओलांडून यायची. मूळची खंडव्याकडची, ख्रिश्चन. तिचं वाक्य हिंदीत सुरू व्हायचं आणि मराठीत संपायचं. मला भरवता भरवता मोबाईलवर मालिका बघायची आणि त्यातल्या सासूला इतक्या मनापासून शिव्या द्यायची की मला ठसका लागायचा.

पहिल्या दिवशी तिनं आल्या आल्या हात धुतले, खिडकीचं दार लोटलं, माझ्या उशाशी आली आणि पंजा माझ्या कपाळावर ठेवला. डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

"ताप नाही मला," मी म्हणालो.

"मालूम आहे."

"मग?"

"एक मिनिट चूप बसा ना, सर."

हात उचलला आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हणालो, "हे बघा, मला प्रार्थनेची गरज नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"तुमच्यासाठी कुठं करते? माझ्यासाठी करते," ती म्हणाली. "सकाळी घरून भांडून निघते मी. नळाला पाणी नाही, नवऱ्याला चहा पाहिजे, रिक्षावाला माणसांवर माणसं कोंबतो. तशीच येऊन तुम्हाला धरलं, तर गोणीसारखी उलटवून टाकीन. म्हणून आधी हात, मग काम."

खिडकी का लोटते, तेही मी विचारलं. त्यावर तिनं आवाज खाली घेतला. "दिवस बरे नाहीत, सर. कुणी बघितलं तर म्हणेल, धरम बदलायला आली. मी तर माझ्या नवऱ्याची तंबाखू बदलू शकले नाही. तुम्ही बाहेर कुणाला सांगू नका बस." मी कुणाला सांगणार होतो? पण त्या दिवशी कळलं की त्या मिनिटापुरती तीही माझ्याइतकीच कोंडलेली असते.

घरात मात्र ते लपलं नाही. पत्नी म्हणाली, "अहो, ती डोक्यावर हात ठेवून काय पुटपुटते? उद्या गल्लीत बोभाटा झाला तर?" मी म्हणालो, मग काढून टाक. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी पत्नीची गत होती. सिस्टर आल्यापासून माझ्या पाठीला एकही जखम झाली नव्हती आणि पत्नी शाळेत वेळेवर पोचत होती. आप्पा दारातून म्हणाले, "मले नाही आवडत हे." पण रोज सकाळी ते त्या वेळेला दारात असायचेच. आवडत नाही ती गोष्ट माणूस किती नेमानं बघतो.

तो हात काही मऊ नव्हता. खरखरीत, साबणाचा आणि कधी कांद्याचा वास येणारा. त्यानं काही चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. मी बरा होतोय तो इंदूरच्या औषधांनी आणि व्यायामानं. पण दिवसभर मी घरातलं एक काम होतो, संपवायचं. त्या एका मिनिटात कुणाला माझ्यातलं काही आवरायचं, पुसायचं, उलटवायचं नसायचं. मी डोळे मिटून ते मिनिट लांबावं म्हणून पडून राहायचो आणि ते तिला कळू नये म्हणून नंतर काहीतरी खवचट बोलायचो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मी पहिल्यापासून हुशार. रविवारी ती चर्चला जायची, यायची नाही. रविवार इतका लांब असतो हे शाळेत असताना मला कधी कळलं नव्हतं.

एका थंडीतल्या दुपारी ती माझी नखं कापत होती. मला वाद घालायची हुक्की आली. म्हणालो, "तुमचा येशू नुसता शब्द बोलला तरी लोक बरे व्हायचे म्हणता. मग हात लावायची काय गरज?"

तिनं नेलकटर थांबवलं. हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. मग तिनं महारोग्याची गोष्ट सांगितली. त्याच्याजवळ कुणी जायचं नाही, त्यानंच लांबून ओरडून सांगायचं की मी येतोय, बाजूला व्हा. तो येशूच्या समोर येऊन पडला.

"आता बघा सर," ती म्हणाली, "त्याला आधी बरा करून मग हात लावला असता, तरी चाललं असतं ना? बऱ्या माणसाला तर सगळेच लावतात. पण यानं आधी हात लावला. तो तसा असतानाच."

"आणि मग तो बरा झाला?"

"हो."

"मी कुठं झालो?"

"मी कुठं येशू आहे? चला, बोट हलवू नका."

हलवू नका म्हटल्यावर आम्ही दोघंही हसत सुटलो. हसता हसता मी मान वळवली तर दारात आप्पा. ते हसत नव्हते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. मी बघितलं तसे ते आत निघून गेले.

होळीच्या सुमारास माझ्या उजव्या हाताची दोन बोटं हलली. हे सगळं मी त्याच दोन बोटांनी मोबाईलवर लिहितोय. पत्नी रडली. सिस्टरनं पेढे आणायला लावले आणि निम्मे स्वतः खाल्ले. आप्पा दारातून म्हणाले, "छान."

मग उन्हं तापली. पत्नीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि पत्नी गुरुवारी दुपारी तिच्याकडे खंडव्याला गेली, शुक्रवारी दुपारी परतायचं ठरवून. रात्री पुतण्या झोपायला येणार होता. तो येईपर्यंत सिस्टरनं थांबायचं होतं, आणि त्यामुळे तिचं तोंड वाकडं झालं होतं. त्यांचा तो पवित्र गुरुवार होता. त्या संध्याकाळी चर्चमध्ये पाद्री गुडघ्यावर बसून काही माणसांचे पाय धुतात, येशूनं आपल्या शिष्यांचे धुतले होते म्हणून. या वर्षी त्या माणसांत तिला बसवणार होते. आयुष्यात पहिल्यांदा.

"मग जायचं होतं. मी काय पळून जाणार होतो?" मी म्हणालो.

"आणि तुम्हाला पाणी कोण पाजणार? दादाजी?" आप्पांना ती दादाजी म्हणायची. आप्पा तेव्हा मारुतीला गेले होते.

ती थोडा वेळ खिडकीपाशी उभी राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. माझे नाही धुतले गेले, तर मी कुणाचे तरी धुते."

"माझे सकाळीच पुसलेत तुम्ही."

"ते काम होतं."

तिनं परात आणली, तांब्यात कोमट पाणी आणलं. माझ्या पायांखाली मेणकापड घातलं, खिडकी लोटली आणि पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसली. खोलीत दिवेलागणीचा अंधार होता. पाणी घोट्यावर पडलं, तळव्याकडून उतरलं, बोटांच्या मधून गेलं. दसऱ्यापासून त्या पायांकडे कुणी विनाकारण आलं नव्हतं. तिनं एकेक बोट धुतलं, टॉवेलनं टिपलं, आणि मग कपाळ माझ्या दोन्ही पायांवर टेकवून प्रार्थना करू लागली. तिचं नाक वाजत होतं. चर्च हुकल्याचं दुःख असेल, आणखी काही असेल. मलाही रडू आलं. उताण्या माणसाचं रडणं फार वाईट. पाणी कानात जातं आणि पुसता येत नाही. मी डोळे घट्ट मिटून पडून राहिलो.

त्याच वेळी आप्पा आले.

त्यांना काय दिसलं असेल ते नंतर माझ्या लक्षात आलं. खिडकी बंद, खोलीत अंधार, मुलगा डोळे मिटून निपचित, त्याच्या पायांवर पाणी घातलेलं, आणि एक बाई त्या पायांवर डोकं ठेवून रडतेय. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला या चित्राचा एकच अर्थ कळतो. मला आधी एक आवाज ऐकू आला, आप्पांच्या गळ्यातून तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही. मग चपलांचा फटफट आवाज. आप्पा चपला घालून खोलीत आले. उंबरा ओलांडून आले, आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या तोंडावर पडले.

"अरे... अरे माझ्या लेकरा," ते म्हणत होते. हात गालांवरून केसांत, केसांतून छातीवर, पुन्हा गालांवर. "मी येतच होतो ना रे. थांबला नाही काहून? थांबायचं ना रे."

मी डोळे उघडले. "आप्पा. मी आहे."

ते थांबले. हात माझ्या गालावर तसेच होते, क्षणभर. त्या क्षणभरात त्यांनी मला इतक्या जवळून बघितलं की मला त्यांच्या पापण्यांचे पांढरे केस दिसले. मग हात निघाले. ते सरळ उभे राहिले, परात बघितली, ओला टॉवेल बघितला, आणि सिस्टरकडे वळले.

"हे काय करून ठेवलं? जित्या माणसाचं..." पुढचा शब्द त्यांना उच्चारता आला नाही. "निघ. उद्यापासून यायचं नाही."

"दादाजी, आमच्यात आज..."

"तुमच्यात काय असंल ते तुमच्यात."

"आप्पा, तिची चूक नाही," मी म्हणालो.

"तू गप पड."

मी पडलेलाच होतो. उठून दारात आडवा हात घालून, ती जाणार नाही, असं म्हणावं, एवढं साधं काम कुणीही धडधाकट माणूस करतो. सिस्टरनं परात मोरीत रिकामी केली, फरशी पुसली, मेणकापडाची घडी केली. ती रडली नाही, भांडलीही नाही. पुतण्या येईपर्यंत बाहेरच्या ओट्यावर बसली आणि तो आल्यावर गेली. तिची रिक्षा वळली ते मला ऐकू आलं.

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. इतके महिने ज्या हाताची वाट बघितली तो आला होता. पण तो मेलेल्या मुलासाठी आला होता. मी जिवंत निघालो तसा परत गेला. आप्पांच्या हातांत माया नाही असं मी मनाशी म्हणत आलो होतो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आता ती सोयही राहिली नव्हती. आड काठोकाठ भरलेला मी पाहिला होता, आणि त्यातलं पाणी प्यायला मला मरावं लागत होतं.

पुतण्यानं रात्री माझी कूस बदलली आणि सकाळी मला खिडकीच्या बाजूला वळवून तो कामावर गेला. जाताना खिडकी सताड उघडली, वारा येऊ दे म्हणून. सिस्टरची यायची वेळ झाली आणि टळली. ऊन चढलं. खालच्या बाजूची कंबर आधी चुरचुरली, मग जळायला लागली. मी बराच वेळ दात आवळून राहिलो. आप्पांना हाक मारायची नाही असं ठरवलं होतं. पण शरीर मोठं लाचार असतं.

"आप्पा."

ते दारात आले. रात्रभर तेही झोपलेले दिसत नव्हते.

"कूस बदलायला पाहिजे."

"ती नाही आली?"

"तुम्हीच नको म्हणालात."

ते थोड्या वेळानं उंबरा ओलांडून आत आले. माझा खांदा धरून पाहिला, सोडला. कंबरेखाली हात घालून पाहिला, काढला. कुठून धरायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग ते निघून गेले. मला वाटलं, गल्लीतून कुणाला तरी बोलवायला गेले. पण मोरीत पाणी वाजलं. ते हात धुऊन, धोतराला पुसत परत आले, उशाशी उभे राहिले आणि पंजा माझ्या कपाळावर ठेवला.

हात अजून ओला होता. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, स्तोत्र होतं की नुसतेच हलत होते, मला सांगता येणार नाही.

"आप्पा, काय करताय?"

"ती करते ना," ते डोळे न उघडता म्हणाले. "आधी हात, मग काम. एवढे महिने पाहतो मी दारातून."

कानात पाणी गेलं नाही, कारण मी कुशीवर होतो. ते उशीत गेलं.

"जैनाबादला तिचं घर कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"पूल उतरल्यावर कुणालाही विचारा, सिस्टर म्हणून. सांगतील."

"दुपारी सूनबाई आली की जाऊन येतो. आज घरी असंल ना? का आज सण आहे त्यांचा?"

"सण नाही, आप्पा. आज त्यांचा देव गेला."

त्यांचा हात माझ्या कपाळावर जरा दाबला गेला.

"रविवारी उठतो म्हणतात," मी म्हणालो.

"उठतो?"

"हाव."

आप्पांनी हात काढला नाही. माझी कंबर जळत होती आणि मी तसं सांगितलं नाही. खिडकी उघडी होती, हे त्यांच्या ध्यानात नसावं, किंवा असेलही. भाजीवाल्याची गाडी येऊन थांबली. गल्लीत सगळ्यांना ओळखणारा माणूस तो. त्यानं गजांतून आत वाकून बघितलं.

"काय दादाजी, सरांना ताप आहे का?"

मला वाटलं, आता हात जाईल.

"नाही," आप्पा म्हणाले. "ताप नाही." आणि हात तिथंच ठेवून ते त्याच्याकडे बघत राहिले.